कॅसेट कोरी नव्हती



आम्ही देहूच्या बायका. इंद्रायणीच्या घाटापासून पाच मिनिटांवर आमच्या महिला मंडळाची एक खोली आहे. एका कंपनीनं जुने संगणक काढले, त्यातला एक आमच्याकडे आला. दर शनिवारी दुपारी आम्ही त्या खोलीत जमतो. गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ऐकतो, वहीत उतरवून घेतो आणि निवडक ओव्या रेडिओला देतो.

आज आम्ही ओव्यांवर बोलणार नाही, हेडफोनवर बोलणार आहोत. संगणकाला लावलेल्या हेडफोनमध्ये आवाज खराब का येतो आणि तो घरच्या घरी नीट कसा करायचा, हे सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, हा काय बायकांच्या कार्यक्रमाचा विषय झाला? पण आता घराघरांत मुलांचा क्लास संगणकावर आहे, मुलीची नोकरीची मुलाखत संगणकावर आहे, परदेशातल्या लेकाशी बोलणं संगणकावर आहे. आणि आमच्या बाबतीत तर हेडफोनच्या एका पिनेपायी एका बाईचा आवाज कायमचा जायची वेळ आली होती. तीच गोष्ट आधी सांगतो.

आमच्यात एक जण आहेत, त्यांना आम्ही सगळ्या वहिनी म्हणतो. त्या चाकणला एका प्रेस शॉपमध्ये कामाला जातात. पत्र्यावर दिवसभर प्रेस पडत असतो, तिथं. त्यांच्या सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. सासूबाईंचा गळा गोड होता. कुणाच्याही घरी हळदीचं दळायला त्यांना बोलावणं असायचं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्यांच्या भाच्यानं टेपरेकॉर्डर जात्याशेजारी ठेवून त्यांच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. ती कॅसेट ट्रंकेत सापडली. भाच्याच्या मुलानं ती संगणकावर उतरवून पेनड्राइव्हवर दिली. वहिनी पेनड्राइव्ह घेऊन खोलीवर आल्या.

आम्ही हेडफोन लावला. आत नुसतं सूं... सूं... सूं. मधूनच लांब विहिरीच्या तळातून आल्यासारखं काहीतरी. बाईचा आवाज नाही. प्रत्येकीनं लावून बघितला. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की कॅसेट पुसली गेली, इतक्या वर्षांत असं व्हायचंच. वहिनी काही बोलल्या नाहीत. पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधला आणि म्हणाल्या, "राहू द्या. त्यांचं नि माझं तसंही फार बोलणं नव्हतं." घरी भंगारवाला आला की बाकीच्या कॅसेटींबरोबर तीही द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

पुढच्या शनिवारी आमच्यातल्या एकीची मुलगी खोलीवर आली. ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. तिनं हेडफोन लावला, खाली वाकली, संगणकाच्या पुढच्या भोकातली पिन अंगठ्यानं दाबली. खट् असा आवाज झाला. "काकू, पिन अर्धीच बसली होती," म्हणाली, आणि हेडफोन वहिनींच्या कानावर ठेवला. वहिनी खुर्चीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. जातं सुरू होतं आणि सासूबाई गात होत्या.

हे कसं झालं, ते मुलीनं आम्हाला कागदावर काढून दाखवलं. हेडफोनच्या पिनेवर काळ्या रेघा असतात. त्या रेघांनी पिनेचे तुकडे पडतात. टोकाचा तुकडा डाव्या कानाचा, त्यामागचा उजव्या कानाचा आणि शेवटचा दोघांच्या सामाईक परतीच्या वाटेचा. पिन अर्धी बसली की ही परतीची वाट तुटते. मग डाव्या आणि उजव्या बाजूत जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं, आणि दोन्हींत जे वेगळं आहे तेवढंच ऐकू येतं. गाण्यात गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून गायक नाहीसा होतो आणि मागची वाद्यं उरतात. आमच्या कॅसेटमध्ये बाई आणि जातं दोन्हीकडे सारखंच भरलेलं होतं. तेच गेलं. उरली ती टेपची खरखर, कारण तेवढीच दोन्ही बाजूंना वेगळी होती.

तर मैत्रिणींनो, गाणं ऐकू येतंय पण गाणारा लांब गेलाय, पोकळ वाटतोय, असं झालं तर आधी पिन दाबून बघा. पिनेवरच्या रेघाही मोजा. दोन रेघा असतील तर तो साधा हेडफोन. तीन रेघा असतील तर तो मोबाइलचा, माइकवाला. तीन रेघांची पिन काही जुन्या संगणकांच्या भोकात नीट जुळत नाही आणि तिथंही आवाज असाच पोकळ होतो. त्यासाठी एक छोटी जोडवायर मिळते. तिच्या एका टोकाला मोबाइलचा हेडफोन बसतो आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनची आणि माइकची अशा दोन वेगळ्या पिना असतात. फार महाग नसते.

सासूबाई गायला लागल्या, पण ओव्या लिहून घ्यायला बसलो तेव्हा दुसरी अडचण आली. आवाजामागं सारखी बारीक किरकिर. माउस हलवला की किरकिर वाढायची, थांबवला की कमी व्हायची. आम्ही एका दुकानात हेडफोन दाखवला. दुकानदार म्हणाला, हा टाकून द्या, पाच हजारांचा चांगला घ्या. मंडळाच्या डब्यात तेव्हा बाराशे रुपये होते. परत आलो.

किरकिर हेडफोनची नव्हतीच. संगणकाच्या डब्याच्या पुढच्या बाजूला जे भोक असतं, तिथपर्यंत आतून एक बारीक वायर आलेली असते. ती पंखे, डिस्क, बाकीच्या वायरी यांच्या गर्दीतून येते आणि वाटेत त्यांची विजेची कुरबुर उचलते. डब्याच्या मागच्या बाजूला हिरव्या रंगाचं भोक असतं, ते थेट मुख्य बोर्डावरच असतं. पिन मागं हिरव्या भोकात लावली आणि किरकिर जवळजवळ गेली. पैसे शून्य. पिन मागं लावली की वायर कमी पडते, म्हणून एक लांबवायची वायर घेतली, एवढाच खर्च.

मागं लावूनही घुंऽऽ असा जाड आवाज राहिला, तर घरातल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसते. संगणकाच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर ही आवाजाची नाही, जिवाची गोष्ट आहे. लगेच वायरमनला बोलवा. आणि एवढं करूनही किरकिर गेली नाही, तर यूएसबीत बसणारं छोटं साउंड कार्ड मिळतं, अगदी पेनड्राइव्हएवढं. आवाज तयार करायचं काम ते डब्याच्या बाहेर करतं, त्यामुळं आतली कुरबुर त्यात फारशी शिरत नाही. साधं कार्ड काही शे रुपयांत येतं. पाच हजारांचा हेडफोन घ्यायच्या आधी हे करून बघा.

आता सेटिंगकडे येऊ. विंडोजच्या संगणकावर खाली उजव्या कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र असतं. त्यावर राइट क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा. तिथं तीन गोष्टी बघा. पहिली, आवाज कुठून बाहेर येतोय ते. अनेकदा हेडफोन लावलेला असतो आणि संगणक आवाज मॉनिटरकडे पाठवत असतो. दुसरी, डावा-उजवा आवाज सारखा आहे का. आमच्याकडे कुणीतरी उजवा कमी करून ठेवला होता आणि आम्ही हेडफोनला दोष देत होतो. तिसरी, हेडफोनच्या नावावर क्लिक केलं की ऑडिओ एन्हान्समेंट्स नावाचं बटण दिसतं. ते बंद करा. आवाज घुमवणं, बास फुगवणं, बारीक आवाज मोठा करणं असले प्रकार त्यात असतात. सिनेमाला ते बरे वाटतात, पण शब्द ऐकायचे असतील तर आड येतात.

आवाज किती ठेवायचा तेही सांगतो. काही प्रोग्रॅममध्ये आवाज शंभराच्याही वर नेता येतो, व्हीएलसीमध्ये तर नेतात पुष्कळ जणी. शंभराच्या वर नेला की आवाज फाटू शकतो. प्रोग्रॅमचा आवाज शंभरावर किंवा थोडा खाली ठेवा आणि कमी-जास्त करायचं ते कर्ण्याच्या चित्रावर करा. जात्याच्या घरघरीसारखा जाड आवाज बाईच्या आवाजावर चढत असेल, तर इक्वलायझरमध्ये डावीकडच्या पहिल्या एक-दोन पट्ट्या थोड्या खाली करा. बाईचा आवाज वर चढवू नका, घरघर उतरवा.

एवढं करून आम्ही ओव्या लिहायला लागलो. त्याच सुमारास मुलीनं स्वतःचा ब्लूटूथचा हेडफोन आणून दिला. महागाचा, कानावर मऊ बसणारा, वायर नाही. आम्हाला वाटलं, आता काम झालंच. पण झालं उलटंच. आवाज टेलिफोनवर बोलल्यासारखा दबका झाला. तरी महागाची वस्तू आहे म्हणून आम्ही त्यावरच पन्नास ओव्या उतरवल्या.

त्यात एक ओवी होती. ओवी इथं म्हणत नाही, अर्थ सांगतो. आम्ही वहीत लिहिलं होतं की माझ्या अंगणात ऊन आहे, म्हणून घरात उजेड आहे. अर्थ बरोबर लागत होता, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. सकाळी दळताना अंगणात ऊन येणारच.

पुढं मुलगी परीक्षेला गेली, आपला हेडफोन घेऊन गेली. आम्ही परत जुना वायरचा हेडफोन मागच्या हिरव्या भोकात लावला आणि वही तपासायला बसलो. त्या ओवीशी आलो तेव्हा थांबलो. परत लावली. परत लावली. मग वहिनींना बोलावलं. सासूबाई ऊन म्हणत नव्हत्या, सून म्हणत होत्या. अंगणात सून आहे, म्हणून घरात उजेड आहे.

वहिनींनी ती ओवी किती वेळा ऐकली ते आम्ही मोजलं नाही. नंतर एवढंच म्हणाल्या, "तेव्हा मी नवी नवरी होते. मी अंगणात सारवत असणार."

एका 'स'चा फरक. तो कुठं हरवला होता, हे मुलीनं परीक्षेहून आल्यावर शोधलं. ब्लूटूथच्या हेडफोनला माइक असतो. आमचा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडा होता आणि त्यानं तो माइक धरून ठेवला होता. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर माइक चालू झाला की एकाच वाटेनं जाणं-येणं दोन्ही करावं लागतं, म्हणून संगणक आवाजाचा दर्जा खाली आणतो. डावा-उजवा भेद जातो आणि वरचे बारीक सूर कापले जातात. साध्या टेलिफोनवरही असेच कापले जातात. 'अ', 'ऊ', 'न' हे जाड सुरांचे, ते टिकतात. 'स', 'श', 'च', 'फ' यांचा जीव वरच्या बारीक सुरांत असतो, ते जातात. फोनवर नाव सांगताना आपण 'स' सशाचा असं म्हणतो, ते याचसाठी.

उपाय सोपा आहे. साउंड सेटिंग्जमध्ये तोच हेडफोन कधी कधी दोन नावांनी दिसतो, एकापुढं हँड्स-फ्री लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यापुढं स्टिरिओ. ऐकायचं असेल तेव्हा स्टिरिओ निवडा आणि माइक धरून ठेवणारे प्रोग्रॅम बंद करा. बोलायचंही असेल, म्हणजे मुलाचा क्लास किंवा मुलाखत, तर माइक वेगळा लावा. वेबकॅमचा माइकही चालतो.

आता ऐकणं नीट झालं की नाही हे कसं ओळखायचं? इंग्रजी गाणी लावून तपासा असं लोक सांगतात. आम्ही देहूत राहतो, आम्हाला त्याची गरज नाही. टाळ, पखवाज आणि वीणा असलेलं एखादं चांगलं भरलेलं भजन लावा. पखवाजाच्या कणकेच्या बाजूची थाप छातीत जाणवली पाहिजे. जाणवत नसेल तर हेडफोन कानावर नीट बसलेला नाही. कडेनं फट राहिली की जाड सूर पळून जातात. केस, कानातलं, चष्म्याची काडी मधे येतेय का बघा. मग टाळ ऐका. टाळ वाजल्यावर त्याची शेपूट हवेत विरत गेली पाहिजे. ती पाण्यात बुडाल्यासारखी चुळचुळ वाटत असेल तर दोष हेडफोनचा नाही. ती फाइलच व्हॉट्सअॅपवरून फिरून फिरून, दाबून दाबून आलेली आहे. दाबताना गेलेला आवाज कुठल्याही सेटिंगनं परत येत नाही. मूळ फाइल मागवा. शेवटी टाळकऱ्यांच्या दोन रांगा डावी-उजवीकडे वेगळ्या कळतात का ते ऐका. एकही बाजू कळत नसेल, तर सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू राहिलंय का ते बघा.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी आम्ही खरं तर हे भाषण लिहिलं. तो 'स' वायरच्या हेडफोनवर आम्हा सगळ्यांना ऐकू आला. वहिनींना मात्र पहिल्या दोन वेळा आला नाही. आवाज वाढवून, डाव्या कानाला लावून आला. त्या आधीपासून म्हणत होत्या की लोक बोलतात ते ऐकू येतं पण कळत नाही, सगळे पुटपुटतात. आम्ही हसण्यावारी नेत होतो.

आम्ही त्यांना कान तपासायला घेऊन गेलो. कान-नाक-घसा विभागात काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून, जाड-बारीक सूर ऐकवून तपासणी करतात. दुखत नाही. डॉक्टरांनी आलेख दाखवला. जाड सुरांना रेघ ठीक होती, आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला होता. सततच्या मोठ्या आवाजानं कान जातो तेव्हा बहुतेक तिथूनच जायला लागतो. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही. आहे ते राखायचं, आणि गरज पडली तर श्रवणयंत्र लावायचं.

आपल्या पट्ट्यात, तळवड्यापासून चाकणपर्यंत, किती घरांतून माणसं प्रेसवर, ग्राइंडरवर, फोर्जिंगला जातात! घरी आल्यावर टीव्ही मोठा लावतात, दोनदा हाक मारावी लागते, आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. एकदा तपासून घ्या. कंपनीत कानात घालायचे प्लग किंवा कानावरचे मफ मिळत नसतील तर मागा, आणि मिळाले तर खिशात ठेवू नका. वहिनींच्या खिशात ते होते. कुणी हाक मारली तर कळत नाही म्हणून घालत नव्हत्या. आता घालतात.

आणि हेडफोनही कानाला तेच करू शकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो, मुलांसाठी तोच हिशेब ७५ डेसिबलचा आहे. आवाज ३ डेसिबलनं वाढला की ऐकायचा वेळ निम्मा होतो. डेसिबल घरी कोण मोजणार? म्हणून सोपं धरा. आवाजाची पट्टी साठाच्या वर नेऊ नका, आणि मधे मधे हेडफोन काढून कान मोकळे ठेवा. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो. पंखा बंद करा, खिडकी लावा, आवाज आपोआप कमी ठेवता येतो. हेडफोनचा आवाज नीट करायचा तोही याचसाठी. किरकिर गेली, शब्द स्पष्ट झाले की कमी आवाजात काम होतं.

आमच्यासारखं काम पुष्कळ बायका करत आल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुढं बर्नार्ड बेल यांनी कित्येक ओव्यांचा आवाज डिजिटल टेपवर भरून घेतला. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. संगणक असेल तर नक्की ऐका. कागदावर ओवी दोन ओळींची असते. आवाजात त्या बाईचा श्वास असतो, जात्याचा खुंटा बदलताना झालेला थांबा असतो, मागं रडणारं लेकरू असतं.

तुमच्याही ट्रंकेत, माळ्यावर अशी कॅसेट असेल. आजीची, आईची, एखाद्या मावशीची. ती कोरी आहे असं ठरवायच्या आधी एवढं करा. पिन पूर्ण दाबा. मागच्या हिरव्या भोकात लावा. साउंड सेटिंग्ज उघडून आवाज कुठं जातोय ते बघा आणि एन्हान्समेंट्स बंद करा. ब्लूटूथ असेल तर हँड्स-फ्री सोडून स्टिरिओ निवडा. फाइल मूळची आहे का विचारा. आणि हे सगळं करूनही शब्द कळला नाही, तर दुसऱ्या कुणाच्या कानाला लावून बघा. त्यांना कळला आणि तुम्हाला नाही, तर कानाच्या डॉक्टरकडे जा.

वहिनींनी ती कॅसेट भंगारात दिली नाही. देवघराच्या खालच्या फळीवर हळदी-कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली आहे. आणि आमच्या वहीत 'ऊन' खोडून 'सून' लिहिलं आहे. खोडलेलं आम्ही मुद्दाम तसंच ठेवलं आहे.